थोरलीने खाल्लेली बाग

थोरलीने आपली अख्खी बाग खाल्ली, आणि वर "मीठ कमी पडलंय" असंही म्हणाली. दोष तिचा नव्हता. ती बिचारी खुब्याचं मोडलेलं हाड घेऊन हॉस्पिटलच्या कॉटवर आडवी होती. बाग शिजवली धाकटीने.

या दोघी जावा. दोन भावांनी मिळून तळमजल्यावर तीन खोल्या घेतल्या, दोघांनी दोन बायका आणल्या आणि मागेपुढे दोघेही जग सोडून गेले. मागे उरल्या या दोघी, आणि दोघींमध्ये एक स्वयंपाकघर. सख्य म्हणाल तर विळ्याभोपळ्याएवढं. थोरलीला खिडकी उघडी लागे, धाकटीला बंद. थोरली बोलताना थांबत नसे, धाकटी बोलायला सुरुवातच करत नसे, आणि केली तर समोरच्याने कान झाकावेत. तरी एकीला ताप आला की दुसरी रजा काढून बसायची, आणि बसल्या बसल्या तिला बोल लावायची.

धाकटी बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. तीस वर्षं. पहाटे पाचला चुली पेटवायच्या, सातला ड्रायव्हर-कंडक्टरांची पहिली पंगत. डोळ्यांवर पट्टी बांधा, हातात कुठलंही कंदमूळ द्या, नखाने खरवडून नाव सांगते, अशी तिची बढाई होती आणि ती बढाई कोणी कधी खोटी पाडली नव्हती. हाताखालच्या बायका तिला 'सुरी' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण तिला ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

थोरलीची बाग म्हणजे इमारतीची मागची भिंत आणि कुंपण यांमधली अकरा पावलं लांब, चार पावलं रुंद अशी मातीची पट्टी. तिथे दर वर्षी डेलिया फुलायचे. जेवणाच्या ताटाएवढे, काळपट लाल. पहिले कंद थोरल्या दिरांनी लग्नानंतरच्या वर्षी कोटाच्या खिशातून आणले होते, आणि तेव्हापासून थोरली ते वाढवत, वाटत, जपत आली होती. कडाक्याच्या थंडीत कंद जमिनीत कुजतात, म्हणून पानं काळी पडली की ती ते खणून काढी आणि कुठेतरी ठेवून देई. कुठे, ते धाकटीने कधी विचारलं नव्हतं. तिचा बागेशी संबंध एवढाच की तिथून आलेले चिखलाचे पाय पुसायला फडकं तिचं वापरलं जाई.

"दर वर्षी मेल्यासारखे दिसतात आणि दर वर्षी येतात," थोरली म्हणायची. "आभार मानावेत तेवढे थोडे."

"कुणाचे? पाणी तुम्ही घालता, खत डेपोतून मी आणते."

"त्याचे."

धाकटी वर बघायची, छताचा पोपडा बघायची, आणि कणीक मळायला लागायची. तिचा नवरा चार महिने अंथरुणावर होता. त्या चार महिन्यांत तिने वर जेवढं बघायचं तेवढं बघून घेतलं होतं. मागितलं होतं, नवसासारखं बोललीही होती. त्यानंतर तिने वरच्याशी बोलणं टाकलं. भांडण वगैरे नाही, नुसतं बोलणं टाकलं, जसं ती शेजारणीशी टाकायची.

थंडीच्या भरात थोरली जिन्यावरून घसरली. डॉक्टर म्हणाले, वय बघता चालतीलच असं सांगता येत नाही, अंगात काही उरलं नाही, आधी खाऊ घाला. हॉस्पिटलचं जेवण थोरली परत पाठवू लागली. मग धाकटीने पदर खोचला. रोज संध्याकाळी डबा. आणि एके दिवशी घरातली भाजी संपली म्हणून ती जिन्याखालच्या अडगळीत शिरली, बल्ब गेलेला, हाताने चाचपडत. कोपऱ्यात लाकडी खोकं लागलं. खोक्यात वाळू. वाळूत कंद.

आता हे दुसऱ्या कोणाच्या हाताला लागलं असतं तर त्याने दहा वेळा विचार केला असता. पण कॅन्टीनमध्ये गाजरं, बीट, सलगम, सगळं थंडीभर वाळूतच पुरून ठेवतात. तीस वर्षं धाकटी वाळूत हात घालून जे लागेल ते शिजवत आली होती. वाळूतलं ते पोटातलं, हा तिचा नियम. नखाने खरवडलं, आत पांढरं, कच्चं, थोडं रताळ्यासारखं, थोडं मुळ्यासारखं. गावठी रताळी, तिने ठरवलं. म्हातारी साठवून ठेवते आणि सांगत नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिचं नख चुकलं.

तीन आठवडे तिने ते खोकं पुरवलं. कधी सूप, कधी उकडून कुस्करून लोणी घालून, कधी तव्यावर काप.

"हे कसलं ग?" थोरलीने विचारलं होतं.

"गप खा."

थोरलीने गप खाल्लं. चौथ्या दिवशी ती उशीला टेकून बसली. तिसऱ्या आठवड्यात उभी राहिली, आणि डॉक्टरांनी भुवया उंचावल्या.

याच तीन आठवड्यांत इमारतीची सभा भरली. सेक्रेटरी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त सर्व्हेअर. खिशात कायम मोजपट्टीची डबी, म्हणून सगळे त्यांना 'टेप' म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्यांची गाडी रस्त्यावर उभी राहायची आणि कोणीतरी तिला ओरखडे काढायचं, एवढंच त्यांचं दुःख होतं, पण ते दुःख त्यांनी मोजून ठेवलं होतं. मागच्या पट्टीत दोन गाड्या बसतात.

"बाई आता काही बागकाम करू शकणार नाहीत," टेप म्हणाले. "वाईट वाटतं. पण जागा मोकळी पडून राहणार. फरशी घालू."

धाकटी शेवटच्या खुर्चीवर डुलक्या घेत होती. बागेचं तिला काडीचं प्रेम नव्हतं. पण 'करू शकणार नाहीत' हे शब्द कानात गेले आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. थोरलीला नावं ठेवायचा हक्क तिच्या एकटीचा होता.

"कोण म्हणतं? वसंतात बाग उभी राहील. मी लिहून देते."

टेपने कागद पुढे केलाच. पुढच्या महिन्याची एकवीस तारीख ठरली. त्या दिवशी पट्टीत बाग दिसली तर पट्टी थोरलीची, तिच्या हयातीपर्यंत. नाही दिसली तर त्याच दिवशी फरशी. धाकटीने सही ठोकली. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

थोरली घरी आली ती वॉकर घेऊन. बर्फासारखी हवा जाऊन ऊन जरा कोवळं झालं होतं. खिडकीशी खुर्ची ओढून बसली, खिडकी उघडली, माती सुटल्याचा वास घेतला आणि म्हणाली, "चल, आता वेळ झाली. जिन्याखालचं खोकं आण. वाळूचं. माझे बावीस कंद आहेत त्यात."

धाकटीच्या हातात कढई होती. ती तिने खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली.

"वाळूचं?"

"हो ग. डेलियाचे. वाकायचं नाही म्हणालेत मला, नाहीतर मीच गेले असते. तू लाव, मी इथून सांगते."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? पण थोरलीचा चेहरा इतका उजळला होता की धाकटीची जीभ, जी टेपपुढे तलवारीसारखी चालली, ती टाळ्याला चिकटली. ती जिन्याखाली गेली, रिकामं खोकं उचललं, पाठ खिडकीकडे करून पट्टीत उकिडवी बसली आणि खड्डे खणू लागली.

"डोळा वर ठेव हं!" खिडकीतून आवाज आला. "कंदाला डोळा असतो, कोंब तिथून फुटतो. तो वर!"

"वर ठेवला!" धाकटी ओरडली, आणि रिकाम्या खड्ड्यात मूठभर वाळू टाकून माती लोटली. असे बावीस खड्डे. बाविसाव्याला तिला स्वतःची एवढी लाज वाटली की तिने कुदळ भिंतीवर आपटली.

त्या संध्याकाळी थोरली खिडकीशी डोळे मिटून बसली होती. "झोप लागली का?" धाकटीने विचारलं. "नाही ग. थँक्यू म्हणत होते," थोरली म्हणाली. धाकटीला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये बटाट्याचं पोतं उघडलं. निम्म्यांना कोंब आलेले, काही हिरवे पडलेले. असे बटाटे टाकायचे असतात, आणि ज्यांना नुसता डोळा फुगलाय त्यांचा डोळा सुरीच्या टोकाने काढून बाकीचा वापरायचा. तिने पहिला बटाटा घेतला, सुरीचं टोक डोळ्यावर ठेवलं, आणि तिचा हात थांबला. तीस वर्षं. रोजचे निदान दोनशे बटाटे. जेवढे डोळे होते तेवढे तिने कोरून कचऱ्यात टाकले होते, स्वच्छता म्हणून. जिथून पुन्हा उगवायचं नेमकी तेवढीच जागा ती टाकून देत आली होती.

"बाई, काय झालं?" मदतनीस बाईने विचारलं.

"काही नाही. ही टोपली बाजूला ठेव. टाकायची नाही."

पट्टीत तिने बावीस खड्डे पुन्हा उकरले. थोरली फिजिओथेरपीला गेली होती. एकेका खड्ड्यात एकेक बटाटा, डोळा वर. डेलिया येणार नव्हते, हे तिला कळत होतं. पण कागदावर सही होती, आणि टेपच्या गाडीला ती जागा द्यायची नाही एवढं तिने ठरवलं होतं. उगवतील तर उगवतील. न उगवतील तर निदान खड्डा रिकामा नव्हता.

मग सुरू झालं पाहणं. पहाटे साडेचारला कामावर निघताना ती पट्टीकडे एक चक्कर टाकायची. "कुलूप बघून येते," स्वतःला सांगायची. पट्टीला कुलूप नव्हतं. पहिला आठवडा काळी माती. दुसरा आठवडा काळी माती, शिवाय मांजराने उकरलेली. "पालथ्या घड्यावर पाणी," ती पुटपुटायची, आणि झारी भरून घालायची. थोरली मात्र रोज विचारी, "आले का ग?" आणि नाही म्हटलं की म्हणे, "येतील. त्यांना घाई नसते." हा शांतपणा धाकटीला सर्वांत जास्त छळायचा. जे पेरलंच नाही त्यावर इतका भरवसा ठेवणाऱ्या माणसाशी भांडणार तरी कसं?

अठराव्या दिवशी मातीला तडा गेला होता. करंगळीएवढा. धाकटी वाकली. तड्यातून काहीतरी काळपट हिरवं, चुरगळलेलं, डोकं वर काढत होतं. आपल्या अंगावरची माती त्याने स्वतःच उचलली होती, एक ढेकूळ अजून डोक्यावर होतं. धाकटीने बोटाने ते ढेकूळ बाजूला केलं. मग ती ओल्या मातीत सरळ बसली. साडी खराब झाली. तिला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि तो राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. "मी बोलत नाही तुझ्याशी," ती मोठ्याने म्हणाली, वर न बघता. "हे एवढ्यापुरतं. एवढ्यापुरतं थँक्यू. बाकीचं तसंच आहे." आणि त्या दिवशी ती तीस वर्षांत पहिल्यांदा कामावर उशिरा पोचली.

बाविसापैकी एकोणीस आले. पोटरीपर्यंत वाढले. थोरलीला खिडकीतून नुसतं हिरवं दिसे. चष्म्याचा नंबर बदलायचा राहिला होता, आणि धाकटी तो विषय मुद्दाम टाळत होती.

वीस तारखेला हवा उलटली. रेडिओवर सांगितलं, रात्री पिकं जळतील अशी थंडी पडणार. संध्याकाळी धाकटीने कॅन्टीनच्या मॅनेजरला न विचारता एकोणीस पातेली उचलली, डेपोच्या हातगाडीवर घातली आणि दोन किलोमीटर ढकलत आणली. एकेका रोपावर एकेक पातेलं पालथं घातलं. मॅनेजरचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, "उद्याचा नाश्ता भाजलेला असेल. शिजवलेलं खाऊन कोणाचं भलं झालंय?" आणि फोन ठेवला.

एकवीस तारखेला सकाळी नऊला टेप आले. बरोबर एक ट्रक, ट्रकमध्ये फरशा, आणि ट्रकला टेकून दोन कामगार. पट्टीत एकोणीस पातेली पालथी.

"हे काय आहे?" टेप म्हणाले. "भांड्यांचं दुकान?"

धाकटीने पातेली उचलायला सुरुवात केली. एकेकाखालून हिरवं रोप बाहेर आलं. एकही जळलेलं नव्हतं. टेपने वाकून पान चुरगळलं, वास घेतला.

"बाई, हे बटाटे आहेत."

"मग?"

"मग बाग कुठे आहे? आपलं ठरलं होतं ते फुलांच्या बागेबद्दल. यांच्या बागेबद्दल."

"डेलियाचं काय झालं?" हा आवाज मागून आला. थोरली वॉकर टेकत दारातून बाहेर आली होती. पडल्यापासून पहिल्यांदाच पट्टीत. तिने रोपांकडे बघितलं, जवळ आली, पुन्हा बघितलं. या अंतरावर चष्म्याची गरज नव्हती. "धाकटे. माझे कंद कुठे आहेत?"

ट्रकवाले ऐकत होते. वरच्या दोन खिडक्या उघडल्या होत्या. खोटं बोलायला एवढी जागा होती की गाडी वळली असती. उंदरांनी खाल्ले म्हणता आलं असतं, कुजले म्हणता आलं असतं.

"शिजवले मी," धाकटी म्हणाली. "रताळी समजून. वाळूत होते ना. बावीसच्या बावीस. तीन आठवडे तुमच्या डब्यात होते ते. तुम्हीच खाल्लेत, जाऊबाई. आणि मी तुम्हाला सांगितलं नाही, रिकामे खड्डे बुजवले. काय बोलायचं ते बोला."

थोरलीचा चेहरा पडला. अगदी पडला. तिने एका हाताने तोंड झाकलं. धाकटीला वाटलं, त्यापेक्षा मारलं असतं तर बरं. कोटाच्या खिशातून आलेले ते कंद तिने सूप करून टाकले होते, ते आता कुठल्याही जमिनीतून उगवणार नव्हते.

"म्हणजे स्पष्टच झालं," टेप हळूच म्हणाले. त्यांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. "मला वाईट वाटतं. पण यांची बाग आता नाही. चला, फरशा उतरवा."

"थांबा," थोरली म्हणाली.

तिने हात खाली घेतला. डोळे ओले होते, पण आवाज ओला नव्हता.

"डॉक्टर म्हणाले होते, ही उभी राहत नाही. अंगात काही उरलं नाही म्हणाले. आणि मी उभी आहे की नाही? कशावर राहिले? बाग नाही म्हणता, सेक्रेटरी? बाग माझ्या पोटात गेली आणि ही समोर उभी आहे. घाला फरशी हिच्यावर. आधी कुठून घालता, पायापासून की डोक्यापासून?"

वरच्या खिडकीत कोणीतरी हसलं. टेपने खिशातली डबी काढली, पट्टी ओढली, आणि काय मोजायचं ते न सुचून पुन्हा आत सोडली.

"आणि तू," थोरली धाकटीकडे वळली. "तुला मी माफ केलेलं नाही. ते माझे कंद होते. यांनी आणलेले. यावर आपण भांडणार आहोत, घरात, सावकाश, मला पुरेल तितके दिवस. पण बटाटे लावलेस आणि माती नाही चढवलीस? बुंध्याशी माती चढवावी लागते, अडाणी! नाहीतर कंद उघडे पडतात, हिरवे होतात. तीस वर्षं बटाटे सोललेस आणि एवढं माहीत नाही?"

"सोलायच्या आधीचं मला कोणी शिकवलं नाही."

"मग आता बघ." थोरलीने वॉकर उचलला आणि टेपच्या हातात दिला. "धरा जरा."

टेपने धरला. समोरून दिलेली वस्तू न धरणारा माणूस तो नव्हता. तोवर थोरली धाकटीच्या खांद्याचा आधार घेऊन खाली जाऊ लागली होती.

"वाकायचं नाही म्हणालेत तुम्हाला!"

"मी कुठे वाकतेय? मी बसतेय."

ती बसली. कण्हली, एक शिवी हासडली, आणि दोन्ही हातांनी माती ओढून पहिल्या रोपाच्या बुंध्याशी लोटली, थापटली. मग सरकत दुसऱ्याकडे. धाकटी समोरच्या बाजूला उकिडवी बसली आणि ती करते तसं करू लागली. जड मातीत चार हात आणि मध्ये बटाट्याची पानं. धाकटीच्या मनात आलं की कोणीतरी आत्ता विचारावं, आभार कुणाचे? म्हणजे तिला सांगता आलं असतं. या म्हातारीचे, जी रिकाम्या मातीवर डोळे मिटून बसली. त्या कोरून टाकलेल्या डोळ्यांचे. आणि बोलणं टाकलेल्याचेसुद्धा, थोडेसे, आज तरी. कोणी विचारलं नाही. तिने एक ढेकूळ मुठीत फोडलं.

"साहेब, उतरवायचं का?" ट्रकवाल्याने विचारलं. "नाहीतर आम्हाला दुसरीकडे जायचंय."

टेप वॉकर धरून उभे होते. तो खाली ठेवायचा तर रोपांवर ठेवावा लागला असता, आणि घेऊन निघून जावं तर म्हातारीचा आधार पळवल्यासारखं झालं असतं. त्यांनी दोन्ही म्हाताऱ्यांच्या पाठी बघितल्या, माती बघितली, वरच्या खिडक्या बघितल्या. आता तिथे पाच माणसं होती.

"जा तुम्ही," ते शेवटी म्हणाले. "मी सभेत मांडतो पुन्हा."

"मांडा," धाकटी मान वर न करता म्हणाली. "मी पुन्हा लिहून देते."

ट्रक गेला. टेप तिथेच उभे होते. थोरलीचा श्वास फुलला होता, कपाळावर घाम, नखांत माती. दहाव्या रोपाशी ती थांबली आणि एका हाताने कंबर दाबली. धाकटीने बघितलं, तिचा दुखरा पाय एका बाजूला दुमडलेला होता आणि तो तिला हलवता येत नव्हता.

"जाऊबाई, तुम्हाला आता उठता येणार नाही."

"मला उचलता येईल," टेप म्हणाले. "या बाजूने मी धरतो, बाई, तुम्ही त्या बाजूने..."

"उठायचंय कुणाला?" थोरली म्हणाली, आणि हात पुढे टाकून अकराव्या रोपाकडे सरकली. "अजून नऊ राहिलीत."